गावाकडे काय पाठवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी बोरिवली येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या पाहुण्या बोलावण्याचा आपला प्रघात आहे. यंदा तो मोडून घरच्याच बाईला उभे केलेत, याचे कारण मला ठाऊक आहे. गावनिधीचा वाद गेले दोन महिने कार्यकारिणीत चालू आहे आणि तो उकरून काढला तो मीच. तेव्हा आता बोलण्याची शिक्षाही मलाच, असा न्याय अध्यक्षबाईंनी केला. मला तो मान्य आहे.

वाद साधा आहे. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आणि हळदीकुंकवाला वाण न लुटता बाजूला ठेवलेल्या पैशांतून आपला गावनिधी जमतो. त्यातून जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आपण कित्येक वर्षे वस्तू नेऊन वाटतो. मी म्हणते, वस्तू नेऊ नका, पैसे द्या, आणि ते घरातल्या बाईच्या खात्यात द्या. यावर काही भगिनींचे म्हणणे असे की, पैसे देणे म्हणजे भीक घालणे. वस्तूला निदान माया असते. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याआधी मला माझ्या आईची गोष्ट सांगू द्या.

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील मुंबईला गिरणीत होते, आई आम्हा चौघा भावंडांना घेऊन गावी. आमच्या वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच मांडणी. रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर चालतो असे लोक म्हणत, ते आम्हांला थट्टेचे वाटत नसे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन घाटी चढून येताना दिसला की आई हातातले काम टाकून पडवीत येऊन बसे. तो नोटा मोजून देई, सही घेई आणि फॉर्मचा खालचा तुकडा फाडून हातात ठेवी. त्या तुकड्यावर वडिलांनी चार ओळी लिहिलेल्या असत. आई सही करायला शिकली ती त्या फॉर्मवर. अंगठा उठवायची तिला लाज वाटे. हे पैसे पोहोचवायला पोस्टखाते शंभराला पाच रुपये घेत असे. वडिलांना ते पाच रुपये फार लागत, पण चाळीतल्या कोणाबरोबर पैसे पाठवण्यापेक्षा ते बरे असे त्यांचे मत होते. त्या मतामागे अनुभव होता, तो आज सांगत नाही.

पोस्टमन गेला की आई पैशांच्या पुड्या करायला बसे. दुकानदाराची उधारी, तांदूळ, रॉकेल, आमच्या वह्या, आणि थोडेसे मडक्यात, कोणाला न सांगता. वैशाख महिना आला की पुड्यांचा हिशेब बदले. पावसाळ्यापूर्वी आगोट भरायची असे. मीठ, मिरची, सुकी मासळी, चार महिन्यांची सगळी बेगमी. घराचे छप्पर तेव्हा गवताचे होते, ते शाकारायला माणसे लावावी लागत. यातली एकही गोष्ट वडिलांना मुंबईत बसून ठरवता आली नसती. गवत कुठून कुजले आहे आणि दुकानदाराने उधारी कधी बंद केली, हे आईला माहीत.

एका वर्षी त्यांनी ठरवले मात्र. बोनस हातात आला आणि घराला काहीतरी कायमचे द्यावे असे त्यांच्या मनात आले. गणपतीला येताना ते एक मोठे भिंतीवरचे घड्याळ घेऊन आले. फार सुंदर घड्याळ. वाडीतली माणसे बघायला आली. त्या महिन्याचे पैसे अर्थातच आले नाहीत. आई शेजारच्या काकींकडून पायलीभर तांदूळ उसने घेऊन आली, तेव्हा घड्याळात दहाचे ठोके पडत होते. आई वडिलांना एका शब्दाने बोलली नाही. पुढे कित्येक वर्षांनी मला म्हणाली, "त्यांनी मायेनेच आणलं होतं गं. पण मला विचारलं असतं तर!"

भगिनींनो, त्या घड्याळावर मी आज बोलते आहे असे समजा.

या पैशांची खरी किंमत कळली ती ते थांबल्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक मुंबईचे. गावाकडच्या पडव्यांत काय झाले हे आम्ही पाहिले. पोस्टमन येई आणि पुढच्या वाडीला जाई. पहिले दोन महिने दुकानदाराने धीर धरला. मग आईने म्हैस विकली, आणि दूध गेले तसा तुपाचा पैसाही गेला. जूनमध्ये माझी धाकटी बहीण सातवीतून घरी बसली. ती आमच्या सगळ्यांत हुशार होती. मी तेव्हा रत्नागिरीला मामाकडे राहून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून वाचले. संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. वडील गावी परत आले ते पुन्हा मुंबईला गेले नाहीत. महिन्याला काही शे रुपये, मुंबईतल्या माणसाला ते किरकोळ वाटतील. ते थांबल्यावर म्हैस, दूध, शाळा या क्रमाने घर उतरत गेले. बहिणीची शाळा मात्र परत मिळाली नाही.

आता आपल्या पाड्याकडे येते.

जव्हारचे नाव मुंबईकरांनी ऐकले ते १९९२-९३ साली वावर-वांगणीला मुले कुपोषणाने दगावली तेव्हा. आपल्यापैकी काहींनी त्यानंतरच मदतीचे काम सुरू केले. बोरिवलीहून पालघरपर्यंत गाडी, तिथून एस.टी., पुढे जीप, असे आपण जातो. पहिल्याने आपण ब्लँकेटे नेली. नंतर साड्या, स्टीलचे डबे, एकदा तर प्रत्येक मुलाला रंगाची पेटी. मी त्या सगळ्या फेऱ्यांत होते, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. नाताळची सुट्टी सोयीची म्हणून आपण डिसेंबरात जात असू. आणि दर खेपेला म्हणत असू, पाड्यात माणसे किती कमी आहेत!

माणसे कमी का, हे विचारायला आपल्याला फार वर्षे लागली. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची किती तरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, पार वैशाखापर्यंत. घरात उरतात म्हातारी माणसे. आपण ब्लँकेटे कुडाच्या बंद दारांना वाटत होतो म्हटले तरी चालेल. एका आजीबाईने मला तीन ब्लँकेटे दाखवली, तिन्ही आपलीच, घडी न मोडलेली. मी विचारले, "मग तुम्हांला हवं तरी काय?" ती म्हणाली, "बाय, तू आखाडात ये." मी समजले नाही. ती म्हणाली, "आखाडात घरात काय नसतं. तवा ये."

आखाड म्हणजे आषाढ. मागचा भात, नागली, वरई संपलेली असते, नवे पीक तीन महिने दूर असते. आवणीच्या दिवसांत घरच्या शेतावर आवणी करावी, तर संध्याकाळी खायला काय? म्हणून नवराबायको दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात आणि स्वतःची आवणी मागे पडते. उशिरा लावलेले भात कमी पिकते. मग पुढच्या आखाडात तेच. याच दिवसांत भट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. ती घेतली की दिवाळीनंतर सगळ्या घराने भट्टीवर जाऊन विटा पाडून ती फेडायची. हिशेब मुकादमाच्या वहीत. मूल शाळेत असले तरी बरोबर जाते. आपण डिसेंबरात कोऱ्या पाटीसारखा पाडा पाहत होतो, त्याचे कारण आषाढातल्या काही हजार रुपयांत होते.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात खायला मिळावे म्हणून १९७८ पासून खावटी कर्जाची योजना होती. नावच बघा, खावटी. मधल्या काळात ती बंद पडली. करोनाच्या साथीत, २०२० साली, ती एका वर्षासाठी अनुदान म्हणून पुन्हा आणली. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० रोख खात्यात आणि २,००० च्या वस्तू. कडधान्ये, डाळी, तेल, मीठ, मिरची, चहापत्ती. आपल्या कार्यकारिणीचाही हाच तोडगा होता, निम्मे निम्मे! मी पाड्यातल्या बायकांना विचारले, कोणते निम्मे बरे होते? हसल्या. तेल सगळ्यांना आवडले, मसाला कोणाला नको होता. रोख रकमेविषयी मात्र प्रत्येकीने वेगळे सांगितले. एकीने खत आणले होते, एकीने दुकान फेडले होते, एकीने म्हाताऱ्याला दवाखान्यात नेले होते. वस्तूंचा संच सगळ्या घरांना एकच, आणि घरे काही एकसारखी नव्हती.

म्हणून गेल्या वर्षी कार्यकारिणीने, बऱ्याच कुरकुरीनंतर, मला एक प्रयोग करू दिला. पाड्यातल्या ११ घरांत, घरच्या बाईच्या खात्यात, जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने दरमहा १,५०० रुपये. एकूण ४९,५०० रुपये. ब्लँकेटांना साधारण एवढेच लागत, आणि वर टेंपोचे भाडे. अट कसलीही घातली नाही. भाद्रपदात आम्ही तिघीजणी जाऊन घरोघर बसलो. जे पाहिले ते गोडधोड न करता सांगते.

चार घरांनी आपली आवणी आधी उरकली, मजुरीला नंतर गेली. एकीने शेळी घेतली. एकीचे मूल तापाने फणफणले होते, तिने वाट न पाहता जीप करून जव्हार गाठले. मागच्या वर्षी हीच बाई उसनवारीसाठी दोन दिवस हिंडली होती. एकीने पहिल्या महिन्यात मोबाइलचे रिचार्ज केले. हे ऐकून आपल्याकडच्या एका भगिनीचा चेहरा पडला, तो मी पाहिला. नवरा डहाणूला बोटीवर होता, त्याची खबर कळत नव्हती, म्हणून केले होते. आपणही हेच केले असते. आणखी दोघींनी दुकानाची जुनी उधारी फेडली, तेव्हा दुकानदाराने पुन्हा उधार द्यायला सुरुवात केली. आमच्या आईला हे शास्त्र तोंडपाठ होते.

एका घरात पैसे नवऱ्याने काढून नेले. त्याचे काय झाले ते सांगायला नको. आणि एका बाईला दमडीही मिळाली नाही, कारण तिच्या खात्यात दोन वर्षे व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय झाले होते आणि हे तिला किंवा मला, दोघींनाही, ऑगस्टपर्यंत कळले नाही. मी ३६ वर्षे बँकेत काढली. मला तरी कळायला हवे होते.

उचलीचे काय? ११ पैकी दोनच घरांनी यंदा उचल घेतली नाही. एकीने निम्मी घेतली. बाकीच्यांनी घेतलीच. तीन महिन्यांच्या दीडदीड हजारांनी वीटभट्टी सुटेल असे मी म्हणत नाही. पण ती जी दोन घरे आहेत, त्यांतली तीन मुले या डिसेंबरात शाळेत होती. मी स्वतः जाऊन पाहून आले.

आता दारूचा प्रश्न, कारण तो चहाच्या वेळी निघणारच. हा प्रश्न जगात सगळीकडे विचारला गेला आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११ आणि २०१२ साली 'सेवा' या बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने खेड्यांत प्रयोग केला. आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला महिन्याला रोख पैसे, प्रौढाला २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईच्या हाती. तुलनेसाठी पैसे न दिलेली गावेही पाहिली. दारूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. खाणे सुधारले, मुले शाळेत जास्त दिवस टिकली, लोकांनी जनावरे आणि बियाणे घेतले. आळशी होतील म्हणत होते, ते उलट स्वतःच्या शेतात जास्त राबले. दूर आफ्रिकेत केनियाच्या खेड्यांतही असेच पैसे दिले, तेव्हा कित्येक घरांनी गवताचे छप्पर काढून पत्रे घातले. हे वाचताना मला आमचे शाकारायचे छप्पर आठवले. माणूस कुठलाही असो, डोक्यावर पाणी गळते तेव्हा त्याला सल्ला लागत नाही.

आणि आपल्याच राज्यात ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बायकांच्या खात्यात जाऊ लागले. त्याचे राजकारण मी या व्यासपीठावर आणणार नाही. एवढे पैसे कुठून आणायचे आणि कोणाला द्यायचे, यावर वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. निराधारांसाठी संजय गांधी योजना तर १९८० पासूनची. तिच्यात कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये अशी किती तरी वर्षे होती, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात कुटुंब जगते कसे, हे ती अट लिहिणाऱ्याला विचारावेसे वाटते. पण ते असो.

एका बाबतीत मात्र माझ्या बाजूच्या मंडळींनाही मी सावध करते. पैसे हे सगळ्यालाच उत्तर नाही. रेशनवरचे धान्य काढून घ्यायचे आणि त्याऐवजी पैसे द्यायचे, असे कोणी म्हणाले तर मी विरोध करीन. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख पैसे सुरू झाले. माणशी महिना १५० रुपये, पुढे १७०. आधी त्यांना माणशी पाच किलो धान्य मिळे, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. दीडशे रुपयांत बाजारातून पाच किलो तांदूळ येतो का, हे आपण रोज पिशवी घेऊन जाणाऱ्या बायका आहोत, आपणच सांगा. बाजारभाव वाढतो तसे खात्यातले पैसे आपोआप वाढत नाहीत. जव्हारसारख्या ठिकाणी, जिथे दुकान दूर आणि भाव दुकानदाराच्या मर्जीवर, तिथे रेशनचा तांदूळ हाच पाया. पैसे त्याच्यावर हवेत. अंगणवाडी, लस, दवाखाना यांच्याही जागी पैसे चालत नाहीत. जीपचे भाडे दिले आणि दवाखान्यात डॉक्टरच नसला तर काय उपयोग?

म्हणून यंदाच्या निधीविषयी माझे म्हणणे असे आहे. ब्लँकेटे बंद. पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात, आवणीच्या आधी, निम्मी रक्कम एकदम आणि उरलेली दोन हप्त्यांत. मार्चमध्ये आपल्यापैकी दोघींनी जाऊन प्रत्येक बाईचे खाते चालू आहे ना, आधार जोडले आहे ना, हे पाहायचे, मी येईन. ज्या घरात नवरा पैसे नेतो, त्या बाईने स्वतः सुचवले आहे की तिचे पैसे तिच्या आईच्या गावच्या खात्यात द्यावेत. तसे करावे. आणि ११ घरांच्या ऐवजी पाड्यातली सगळी २६ घरे घ्यावीत, नाहीतर पुढच्या वर्षी ज्या १५ घरांना काही मिळाले नाही त्यांच्यासमोर आपण तोंड वर करून उभ्या राहू शकणार नाही. यासाठी निधी दुपटीहून अधिक लागेल. ते कसे करायचे, हे मात्र मला एकटीला सुचलेले नाही.

बँक दूर आहे ही अडचण पुष्कळ जणींनी काढली. जव्हारला जाऊन यायचे तर भाडे जाते आणि एका दिवसाची मजुरी बुडते. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर कधी कधी उमटतही नाहीत, मग पुन्हा खेप. पण १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाने स्वतःची पेमेंट्स बँक देशभर सुरू केली आहे. पोस्टमन छोटे यंत्र घेऊन दारात येतो, बाईचा अंगठा घेतो आणि खात्यातले पैसे तिच्या हातात मोजून देतो. गेल्या ऑगस्टात आम्ही पाड्यावर होतो तेव्हा तो आला होता. ओटीवर बसून त्याने नोटा मोजल्या. ती बाई सही करायला शिकलेली आहे, पण यंत्राला सही नको, अंगठाच हवा होता. माझ्या आईला हे मुळीच आवडले नसते.

सभेनंतर चहा आहे आणि चहानंतर कार्यकारिणी बसेल. प्रयोगाच्या हिशेबाची वही मी टेबलावर ठेवली आहे. तिच्यात रिचार्जही लिहिले आहे आणि ते नवऱ्याने नेलेले पैसेही. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी ती आधी वाचावी एवढीच विनंती.